जर्नलिंगला पहाटच कशाला हवी?

जर्नलिंग म्हणजे रोज वहीत थोडं लिहिणं, चितारणं, चिकटवणं. इन्स्टावर हा शब्द टाकून बघा, सगळीकडे तेच दिसतं. पहाटेचे साडेपाच, मेणबत्ती, लाकडी टेबल, कॉफीचा मग आणि एकही डाग नसलेली डॉटेड वही. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं. मग डबे, मग दूध, मग कुणाचा तरी एकच मोजा सापडतो. त्या वेळात मी स्वतःशी संवाद वगैरे साधायला बसले तर घरचे माझ्याशी जो संवाद साधतील तो वहीत लिहिण्यासारखा नसेल.

म्हणून माझं म्हणणं असं की क्रिएटिव्ह जर्नलिंगसाठी वेगळा वेळ काढायच्या भानगडीत पडूच नका, रोज जे काही न चुकता घडतंच त्याला वही बांधून टाका. माझ्यासाठी ते म्हणजे ठाणे-वाशी लोकल. गाडी ठाण्याहूनच सुटते त्यामुळे जरा आधी पोचलं तर बसायला मिळतं, ऑफिस घणसोलीला, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं हातात. गाडी हलली की वही बाहेर, घणसोलीच्या आधीचं रबाळे स्टेशन गेलं की वही आत, संपला विषय. मूड आहे का, सुचतंय का, हे विचारायला वेळच नसतो आणि तेच बरं आहे.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे पण डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला होता, २०१० च्या सुमारास तो छापून आला. लोकांनी एक नवीन गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची, समजा नाश्ता झाल्यावर. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत हिशोब पार २५४ पर्यंत गेला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडलं नाही! त्यामुळे रेल्वेचा मेगाब्लॉक, आजारपण, पाहुणे, सगळं माफ. सुटलेली पानं रविवारी भरून काढायला मात्र बसायचं नाही, तो गृहपाठ होतो आणि गृहपाठाचं काय होतं ते आपल्याला शाळेपासून माहिती आहे.

आता पानावर काय करायचं. माझ्या पानावर तीन गोष्टी असतात, एक ऐकलेली, एक बघितलेली आणि एक चिकटवलेली. लेडीज डब्यात ऐकलेलं काही कमी पडत नाही. "सासू चांगलीय गं माझी, फक्त घरी असते," हे एक वाक्य मला मिळालं त्या दिवशी पुढे काही लिहायची गरजच पडली नाही. बघितलेलं म्हणजे चित्र, पण चित्र या शब्दाला घाबरू नका, मी पूर्ण माणूस काढतच नाही. हिवाळ्यात समोरच्या काकू मटार सोलत असतात, त्यांचे फक्त हात काढले. डाव्या हाताच्या अंगठ्याने शेंग दाबायची, ती फट्कन उघडते, मग त्याच अंगठ्याने दाणे सरळ पिशवीत, आणि नजर पूर्ण वेळ मोबाईलमधल्या सिरीयलवर. गाडी हलते त्यामुळे रेषा वाकडी येते, येऊ दे. एकदा त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बांगड्या राहिल्या की!" खरंच राहिल्या होत्या, स्टेशन यायच्या आत चितारून टाकल्या. चिकटवायला काहीही चालतं, भाजीवाल्याने हिशोब केलेला चिठोरा, चहाच्या पुडीचा कोपरा, गजऱ्याचा दोरा.

भावना कुठे गेल्या असं काही जण विचारतील. माझं मत जरा वेगळं आहे. जेम्स पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या त्रासदायक प्रसंगांबद्दल १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं, पण ते चार दिवस. लिहिल्यावर लगेच त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं, फायदा दिसला तो नंतरच्या महिन्यांत, डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे जड लिखाणाचा उपयोग आहेच, पण ते रोज सकाळी ऑफिसला जाताना करायचं काम नाही. एखादी गोष्ट फारच सलत असेल तर ती घरी, दार लावून, वेगळ्या कागदावर.

सामानाचं म्हणाल तर ठाण्यात गोखले रोडवर खरेदीला शिरायच्या आधी बजेट ठरवा, नाहीतर वॉशी टेपवरच, म्हणजे त्या नक्षीच्या कागदी चिकटपट्ट्यांवरच, अर्धा पगार जाईल. मला लागतं ते एक पेन, शाळेतला कॅमलचा रंगांच्या वड्यांचा डबा आणि पाणी भरायचा वॉटरब्रश. कागदावर मात्र कंजूषी नको. जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. ७०-८० जीएसएमच्या पातळ कागदावर पाण्याचा ब्रश फिरवला की पान पापडासारखं फुगतं, मागून शाई दिसते ती वेगळीच. १५० च्या वरचा घ्या, नुसता रंगच करायचा असेल तर ३००. आणि पावसाळ्यात पातळ फेव्हिकॉल अजिबात वापरायचा नाही, ठाण्याची हवा जुलैत इतकी दमट असते की पानं एकमेकांना चिकटून बसतात. ग्लूस्टिक वापरा, आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या वहीच्या पिशवीत टाकून ठेवा.

रंग मी रविवारीच भरते. फ्लेमिंगो आले की ऐरोलीच्या बाजूला जायचं, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय आणि अजून आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती फक्त पुलावरून बघितलीय. त्यांचा गुलाबी वडीतून सरळ येत नाही, क्रिमसन लालमध्ये भरपूर पाणी, आणि पंखाच्या कडेला तेवढा गडद. पिल्लं करडी असतात, ती सोपी जातात.

राहता राहिला प्रश्न घरात कुणी वाचलं तर, आणि वाचतातच हो. आमच्या आईने वाचली. ओरडली नाही, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि आता रोज संध्याकाळी तलावपाळीला फिरून आली की चपला काढता काढता सुरू होते, "हे बघ, आज बाकावर त्या दोघी काय बोलत होत्या, लिहून घे." मी म्हटलं तूच एक वही कर ना, तर म्हणे मला कुठे वेळ आहे.