‘वीव्हर’मधले दोन व

सोलापूर, गुरुवार, रात्र

टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचे काम पाहत असल्यामुळे परदेशी खरेदीदारांपुढे आमच्या विणकरांविषयी इंग्रजीत बोलण्याचे प्रसंग मला वारंवार येतात, आणि त्यासाठी लागणारा ‘वीव्हर’ हा शब्द नीट उच्चारायचाच, असे सध्या मी मनावर घेतले आहे. शब्द लहानसा, पण त्यात इंग्रजीचे दोन निराळे व आहेत: पहिला डब्ल्यूचा, दुसरा व्हीचा. आपला व या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. गंमत अशी की मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहरात रोज कानांवर पडतात, तेथे त्यांपैकी एकही या कामी उपयोगी पडत नाही. चौघींतही व एकच.

व्ही त्या मानाने लवकर वश झाला. वरचे दात खालच्या ओठाच्या कडेवर हलकेच टेकवायचे, ‘फोन’मधला इंग्रजी वळणाचा फ लांबवायचा आणि त्यातच गळ्यातून आवाज सोडायचा, ओठाला बारीक गुदगुली झाली म्हणजे जमले. येथे आपले लेखन मात्र थोडी दिशाभूल करते. ‘टीव्ही’, ‘व्हॅन’ असे लिहिताना आपण व ला जो ह जोडतो, तो केवळ वेगळेपण दाखविण्यासाठी. मूळ उच्चारात ह चा श्वास नाही.

खरी कसोटी पहिल्या व ची. त्यात दातांचे काहीच काम नसते. ऊ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करून तेथून पुढच्या स्वरावर घसरायचे असते. ‘वॉटर’मध्ये पुढचा स्वरही गोलसर असल्याने निभावते, परंतु ‘वीव्हर’मध्ये लगेच ई येतो, ई साठी ओठ फाकतात, आणि चंबू होण्याआधीच मोडतो. म्हणून आरशासमोर ‘ऊ–ईव्हर’ असे तोडून म्हणत, तो ऊ हळूहळू आखूड करीत नेला. या खटाटोपात एक लक्षात आले: ‘सिद्धेश्वर’ म्हणताना श ला लागून येणारा माझा व आपसूक गोल होतो, आणि ‘विडी’ म्हणताना मात्र तोच चपटा पडतो.

शेवटच्या र साठी मी डोके शिणवले नाही. ब्रिटिश तो बहुधा गिळतात, अमेरिकन उच्चारतात, आणि आमचे खरेदीदार दोन्हीकडचे आहेत.

शिवण विभागातल्या अण्णांनी आरशापुढची ही कसरत पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, मागावरच्या माणसाला इथं कोण वीव्हर म्हणतंय? कामगारच म्हणतात की.” बोलणे खरे आहे. इंग्रजी व इंग्रजीपुरताच असावा, हे मलाही मान्य. ‘वाट’ आणि ‘वेळ’ हे शब्दसुद्धा ओठ गोल करून म्हणणारी मंडळी मला मुळीच रुचत नाहीत.

‘वोव्हन’मध्येही हे दोन्ही व आहेत, पण तेथे पुढे ओ असल्याने तो विनासायास जमला. आता अडते ते वाक्यात. ‘वी हॅव्ह व्हेरी गुड वीव्हर्स’ म्हणताना गोल, दात, दात, गोल, दात अशी ओठांची कवायत होते. सावकाश म्हटले तर सगळे जागच्या जागी पडते, वेग वाढला की ‘व्हेरी’चे दात ‘वीव्हर्स’च्या पहिल्या व वरही टेकतात, म्हणून बैठकीच्या टिपणात त्या अक्षराखाली पेन्सिलीने गोल काढून ठेवला आहे.