डब्यातली वीज

शेवटी आज घरच्या घरी बनवलेला बॅटरीचा डबा पूर्ण झाला. जुनी टूलबॉक्स, आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे ४ सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे १२.८ व्होल्ट. ५० अँपिअर-अवरच्या हिशोबाने ६४० वॉट-अवर. भंडारदऱ्याला दोन रात्री दिवे, फोन आणि छोटा पंखा आरामात. (इंडक्शन चालणार नाही, बायकोने विचारून झालंय.)

दुपारी मात्र पाना हातातून निसटला आणि एका सेलच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला. फाट्! डोळ्यांपुढे निळंच निळं. पान्याच्या कडेला तांदळाएवढी खाच पडलीय. बाबा आतून ओरडले, "काय फोडलंस रे?" म्हटलं, काही नाही. मग मुकाट्याने सगळ्या पान्यांना काळी टेप गुंडाळली आणि 'नंतर बघू' म्हणून ठेवलेला फ्यूज आधी प्लसच्या टोकाजवळ बसवला. तशी ही ठिणगी काही त्याने अडवली नसती, पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं.

बीएमएसच्या (सेलवर लक्ष ठेवून त्यांना जपणाऱ्या बोर्डाच्या) बारीक वायरी जोडताना चष्मा दोनदा पुसला. क्रम चुकला की बोर्ड जायची भीती. संध्याकाळी स्विच दाबला, एलईडी पट्टी लागली, मीटरवर १३.२! घरातले लाईट मुद्दाम बंद करून सगळे त्या उजेडात पोहे खात बसलो.