वाफेचं इंजिन, नोंद ६: बीड, स्टेनलेस आणि टॅपचा रंग

सिलिंडरचं २० मिलिमीटरचं बोअर मागच्या नोंदीतच झालं. आता आटे पाडायचं काम चालू आहे. एकूण ३१ भोकं: बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) सिलिंडरात एम४ ची, म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची १२, ॲल्युमिनियमच्या बैठकीत एम६ ची ८, स्टेनलेसच्या उभ्या पट्ट्यांत एम४ ची ८ आणि व्हॉल्व्हच्या पितळी पेटीत एम३ ची ३. चार धातू, म्हणून टॅपही (भोकाच्या आत आटे कापणारं हत्यार) विचार करून घ्यायचे ठरवले.

बेळगावच्या उद्यमबागेत टूल्सच्या दुकानात गेलो, तर काउंटरवर चंदेरी, काळे, सोनेरी, निळसर करडे, जांभळट असे सगळे रंग मांडलेले. दुकानदार म्हणाला, सोनेरी घ्या, चौपट चालतो. न घेताच परत आलो आणि शहापुरात आमच्या गल्लीतल्या मामांना विचारलं. त्यांची सगळी हयात टर्नर म्हणून गेली. त्यांनी उलट मलाच विचारलं, "हातानं मारूलालास का मशीनवर? आधी ते सांग की."

घरी येऊन हिशेब केला. एम६ चा टॅप हातानं मिनिटाला २० फेरे फिरवला तर धारेचा वेग मिनिटाला ०.३८ मीटर. कारखान्यात मशीनवर हाच वेग १०-१५ मीटर असतो. म्हणजे आपल्या धारेला उष्णता सोसायचीच नाही. टॅपचा रंग म्हणजे त्याच्यावरचा थर, आणि जांभळट-काळ्या टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडच्या थराची सगळी किंमत ८०० अंशांच्या आसपास टिकण्याची, ती हातकामात वाया जाते. शिवाय त्याच्यात ॲल्युमिनियम आहे, ॲल्युमिनियमच्या बैठकीला तो नकोच. सोनेरी टायटॅनियम नायट्राइड आणि निळसर करडं कार्बोनायट्राइड यांचा आपल्याला उपयोग आहे तो गुळगुळीतपणाचा आणि कडकपणाचा: साधं हायस्पीड स्टील साधारण ८५० विकर्स, सोनेरी थर २३०० च्या घरात. पण हा थर दोन ते चार मायक्रॉनचा, आणि तेवढ्यानंही धार किंचित गोलावते. मऊ धातूला ते मानवत नाही.

तीच गोष्ट मूळ धातूची. कार्बाइडचा टॅप हातात धरूच नये. हात जरा कलला की तुकडा पडला. त्याला ताठ मशीन लागतं. कार्बन स्टीलचे टॅप स्वस्त असतात आणि बहुतेकांचे आटे ग्राइंड केलेले नसतात. माझे दोन मोडले. साधं हायस्पीड म्हणजे एम२ (हे पोलादाच्या जातीचं नाव, आट्याचं माप नव्हे) चिवट असतं, आपल्या बहुतेक कामाला पुरतं. कोबाल्टचं एम३५, ज्यात ५ टक्के कोबाल्ट असतो, ते फक्त स्टेनलेसला.

स्टेनलेसची हकीकत जरा सविस्तर सांगतो. ३०४ जातीच्या स्टेनलेसची पट्टी, ३.३ मिलिमीटरचं भोक, कार्बन टॅप. दुसऱ्या फेऱ्याला टॅप कापायचा थांबला आणि घासू लागला. ३०४ घासलं की जागच्या जागी कडक होतं. मी जोर लावला आणि टॅप भोकाच्या तोंडाशीच मोडला. पट्टी भंगारात गेली. दुसऱ्या पट्टीला ३.४ चं भोक पाडलं आणि एम३५ चा, टोकाकडून चिप (कापलेल्या धातूचा कीस) पुढं ढकलणारा टॅप घेतला. आरपार भोकाला तोच बरा. त्याच्यावर वाफेनं चढवलेली काळी ऑक्साइडची कात होती. ती तेल धरून ठेवते, म्हणून धातू धारेला चिकटत नाही. जाड कटिंग ऑइल लावलं आणि टॅप न थांबवता फिरवला. आठही भोकं एका दमात झाली, आट्यांना चमक आहे.

बीड सोपं वाटतं, पण टॅप खातं. कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात, ते आधी लेथवर सोलून काढले. मग साधा सरळ खाचेचा एम२, कोरडाच. बुरा भुकटीसारखा पडतो, तेल घातलं तर त्याचा लगदा होतो. नायट्राइड केलेला (वर थर न देता पृष्ठभागात नायट्रोजन मुरवलेला) टॅप बिडात जास्त टिकतो. शंभर भोकं असती तर तोच घेतला असता, बारासाठी नाही.

बैठकीला चकचकीत, थर नसलेला टॅप आणि रॉकेल. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, लोण्यासारखं झालं.

दुसरा टॅप पितळी पेटीत मोडला. तळ असलेलं भोक, चिप कोंबली गेली. मामांनी तुरटी आणायला सांगितली. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालून पेटी बुडवून ठेवली. तुरटी पोलाद खाते, पितळाला हात लावत नाही. कार्बन स्टीलचा टॅप होता म्हणून जमलं, हायस्पीडला खूप वेळ गेला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळा गाळ टाचणीनं निघाला. बिडाच्या सिलिंडरावर मात्र हे कुणी करू नका, तेही खाल्लं जाईल.

पावसाळ्यात आपल्या बेळगावात थर नसलेले टॅप आठवड्यात गंजतात. तेलात बुडवलेल्या कापडात गुंडाळून ठेवतोय. आज २८ भोकं पूर्ण आहेत, पितळी पेटीची तीन राहिली. एम३ मापाचा, एम२ पोलादाचा नवा संच आणलाय, या वेळी अर्ध्या फेऱ्यागणिक मागे घेऊन चिप तोडत जाणार.