थ्रिलरचा पुढचा सीझन, बुडापेस्टच्या थंडीत

बुडापेस्टमध्ये शूटिंग म्हटलं की नाशिकची मंडळी आधी डॅन्यूबवरच्या पुलांचं विचारतात. पडद्यावर मात्र हे शहर बऱ्याचदा बर्लिन, पॅरिस नाहीतर मॉस्को म्हणून खपतं. गल्ल्या तशा आहेत, मुरलेले तंत्रज्ञ आहेत आणि हंगेरीत केलेल्या, नियमांत बसणाऱ्या खर्चावर ३० टक्के परतावा मिळतो.

पुढच्या सीझनचं खरं दुखणं म्हणजे मागचा सीझन. गोष्ट शेवटच्या गोळीनंतरच्या क्षणाला सुरू होते, युनिट मात्र वर्ष-दीड वर्षाने त्या चौकात परत उभं असतं. नायकाचा एक कोट म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा: कोरा, चिखलाचा, रक्ताचा, फाटका आणि स्टंटमनसाठी एक माप मोठा, कारण आत पॅडिंग जातं. सगळे एकाच ताग्यातले हवेत, नाहीतर क्लोजअपमध्ये फरक उघडा पडतो. कोटावरचा डाग कापडाच्या पक्क्या रंगाने रंगवतात. ग्लुकोज सिरप आणि खायच्या लाल रंगाचं रक्त फक्त वाहताना दाखवायला. त्यात निळ्याचा थेंब नसेल तर ते टोमॅटो सॉस वाटतं, आणि रोज नव्याने लावलं तर डागाचा आकारही रोज बदलतो.

कोट जपून ठेवता येतो, रस्ता नाही. युरोपातल्या अनेक शहरांत सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले आहेत. सोडियमचा प्रकाश साधारण २,००० केल्विनचा, एलईडीचा बहुधा ३,००० ते ४,००० (आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा). तीच गल्ली, तीच फ्रेम, रंग मात्र भलताच. अशा वेळी परवानगी काढून तेवढे खांब बंद करून घ्यायचे आणि क्रेनवरून सोडियमसारखी जेल (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावलेला आपला दिवा सोडायचा. ‘कलर करेक्शनमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांचं फार ऐकू नये. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा प्रकाश मिसळला की तो नंतर निवडून काढणं वेळखाऊ आणि महाग.

थ्रिलर म्हटलं की रात्र आलीच. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये पावणेनऊच्या सुमारास, म्हणून हिवाळा सोयीचा. पण युरोपीय नियमानुसार रोज सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. पहाटे पाचला पॅकअप झालं तर पुढचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, दुपारी चारच्या आधी नाही. मालिकांच्या सवयीने ‘अजून एक सीन उरकू’ म्हटलं की तो तास उद्याच्या कॉलमधून वजा होतो आणि शुक्रवारचं काम शनिवारी उजाडल्यावर संपतं. आपल्यासारखा स्पॉटदादाही नसतो, चहा आपला आपण जाऊन घ्यायचा.

थंडीच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. रात्रीचा रस्ता चमकावा म्हणून टँकरने ओला करतात. पारा शून्याखाली गेला की त्याच पाण्याचा बर्फ होतो आणि पाठलाग करणारा नट घसरतो. तेव्हा पाणी फक्त मागच्या भागात मारायचं, धावायची पट्टी कोरडी ठेवायची. सीन उन्हाळ्यातला असेल तर तोंडातून निघणारी वाफ घात करते. त्यावर जुना उपाय आहे: टेकच्या आधी नटाने बर्फाचा खडा तोंडात धरायचा आणि ‘ॲक्शन’च्या आधी थुंकायचा. दोन-तीन वाक्यं निभावतात, लांब संवाद नाही. कॅमेरा थंडीतून थेट उबदार खोलीत नेला तर लेन्सवर दव धरतं. बाहेरच पिशवीत बंद करून आत न्यावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा.

सामान भारतातून न्यायचं असेल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे ड्युटी न भरता सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा परवाना, काढावा लागतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. यादीत प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर हवा. टेप, जेल यांसारखं संपणारं सामान त्यात धरत नाहीत. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, १०० ते १६० मधल्या विमान कंपनीच्या परवानगीने माणशी दोन. मुंबई विमानतळावर कस्टम्सवाले नंबर ताडून बघतात, म्हणून नाशिकहून निघताना कसारा घाटातल्या ट्रॅफिकखेरीज त्यालाही दोन-तीन तास धरावेत. हंगेरीतून निघताना कार्नेवर शिक्का मारायचा राहिला, तर माल तिथेच राहिला असं समजून ड्युटीची मागणी मागाहून येते.