आजीच्या चेहऱ्याचा घडा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी मी गेली बारा वर्षे चाकाशिवाय, केवळ मातीच्या वळ्या एकमेकींवर चढवत, माणसांच्या चेहऱ्यांचे घडे घडवते आहे. सध्या आजी घडते आहे. तिची हनुवटी दोनदा खचली, कारण खालची भिंत पुरेशी सुकून घट्ट होण्याआधीच मी वरची वळी चढवली होती. मातीला घाई खपत नाही. डोळ्यांखालची सुरकुती मी कोरणीने ओढत नाही, ओल्या अंगठ्याने दाबते, म्हणजे ती कोरलेली न वाटता आयुष्यभर पडत आलेली वाटते. नाक मात्र आतून पोकळ ठेवावेच लागते, कारण जाड मातीत ओल राहिली तर १०० अंशांपुढे तिची वाफ होऊन भट्टीत ठिकऱ्या उडतात, आणि ५७३ अंशांच्या आसपास मातीतले क्वार्ट्‌झ हे खनिज एकाएकी प्रसरण पावते, म्हणून तिथेही आच बेतानेच वाढवावी लागते. याच शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ज्योत्स्ना भट्ट यांनी अनेक वर्षे सिरॅमिक शिकवले. त्यांनी घडवलेल्या मांजरींच्या पाठीचा बाक पाहून मला प्रथम उमगले, की भाव डोळ्यांच्याही आधी अंगाच्या वळणात उतरतो. आजीची मान म्हणूनच मी किंचित डावीकडे कलती ठेवली आहे. ती अजून ओलसर आहे. तिच्यावरचे प्लास्टिक मी रोज बोटभरच उघडते.