सोलापुरात पसरणारा गुलाब: आधी वाफा, मग रोप

पसरणाऱ्या गुलाबाला फारसं काही करावं लागत नाही असं म्हणतात. सोलापुरात हे खरं ठरतं ते दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी वाफ्यावर जेवढी मेहनत घ्याल, तेवढी पुढे वाचते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरचं पाणी क्षारांचं असतं. नुसता खड्डा करून रोप लावलं तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं सरपण होतं.

माझा वाफा 3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद, घराच्या पूर्वेला. सकाळपासून साधारण सहा तास ऊन मिळतं आणि दुपारी घराची सावली येते. पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा मुद्दाम सोडली, कारण तिथे भिंतही तापते आणि तो ताप अंधार पडल्यावरही रोपांना लागत राहतो.

या गुलाबाचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तण. फांद्या एकदा पसरल्या की काट्यांच्या जाळीत हात घालून हरळी उपटता येत नाही. म्हणून लागवडीच्या आधीच तिचा बंदोबस्त केला. एप्रिलअखेर फूटभर खणून हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. माती सपाट करून पोटभर पाणी दिलं, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरलं आणि कडा मातीत गाडल्या. काळं प्लास्टिक इथे चालत नाही. ते स्वतःच तापतं, पारदर्शक कागदाखाली मात्र ऊन थेट मातीत शिरतं आणि उष्णता आत अडकते. माती ओली हवी, कोरड्या मातीत उष्णता खोलवर जात नाही. पाच आठवड्यांत गाजरगवताचं बी आणि वरच्या थरातली हरळी संपली. लव्हाळा मात्र पुरता मरत नाही, त्याच्या खोल गाठी वाचतात. कागद काढल्यावर दोनदा पाणी देऊन कोंब येऊ दिले आणि खुरप्याने गाठीसकट काढले.

मग वाफा जमिनीपासून 20 सेंटीमीटर उंच केला. सोलापूरचा मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो आणि सपाट काळ्या रानात तेव्हा मुळं पाण्यात बसतात. मिश्रण घमेल्याने मोजलं: दोन घमेली काळी माती, दोन तांबडी, दोन पूर्ण कुजलेलं शेणखत. प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात 100 ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यासोबत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. काळ्या मातीत थोडी वाळू टाकून ती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. हाडांचा चुराही टाळला, कारण चुनखडीच्या जमिनीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मुळांना जवळजवळ लागत नाही.

जात ‘द फेअरी’, 1932 सालची इंग्लंडमधली. फुलं लहान, गुलाबी, झुपक्यांची, वास अगदी कमी. उंची दोन-अडीच फूट, पसारा त्याहून जास्त. कडक उन्हात रंग फिका पडतो, हिवाळ्यात पुन्हा गडद येतो. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बांधलेल्या कलमाऐवजी छाट कलमाची, फांदी रुजवून केलेली, स्वतःच्या मुळांवरची रोपं घ्या, हा माझा आग्रह आहे. डोळा भरलेल्या कलमाच्या खुंटाला फुटवे येतात आणि पसरलेल्या झाडाखाली ते दिसतच नाहीत. दिसतील तोवर खुंटाने खरं झाड दाबून टाकलेलं असतं. 3 मीटरच्या वाफ्यात 75 सेंटीमीटरवर चार रोपं पुरतात. त्याहून दाट लावली तर आत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात.

लागवड जुलैत केली. नळाला रोज पाणी नसल्यामुळे टाकीवरून ठिबक घेतलं, प्रत्येक रोपाला ताशी 4 लिटरचा एक ड्रिपर. उन्हाळ्यात दिवसाआड एक तास, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी. बोअरच्या पाण्याने ड्रिपरवर पांढरा थर धरतो, तेव्हा ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे. वर उसाच्या पाचटाचं तीन बोटं जाड आच्छादन घातलं, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. पाचट खोडाला टेकलं की वाळवी चढते.

नोव्हेंबरात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या. पाणी कमी पडलं म्हणून असं होत नाही, ही लोहाची कमतरता. चुनखडीमुळे मातीतलं लोह अडकतं, त्यामुळे मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी फवारलं, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरक नव्या पानांवर बघायचा.

मार्चपासून लाल कोळी येतो. पान निस्तेज, ठिपक्याठिपक्यांचं होतं आणि खाली बारीक जाळं असतं. दर तिसऱ्या दिवशी पहाटे नळीने पानांच्या खालून जोरात पाणी मारलं तर बहुतेक तेवढ्यावर भागतं. त्यासाठी घाईने कीटकनाशक मारू नका. कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीने वाढतो. गंधकाची फवारणीही चैत्र-वैशाखात नको, पानं करपतात.

छाटणी अगदी सोपी. दुसऱ्या वर्षापासून दसऱ्याच्या सुमारास कुंपणाच्या कात्रीने वरून एक तृतीयांश उडवायचं, वाळक्या फांद्या बुंध्यापासून काढायच्या आणि प्रत्येक झाडाला किलोभर गांडूळखत द्यायचं. डिसेंबरात झुपके धरतात आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत वाफा भरलेला राहतो.

रिकामी जागा भरायला नवी रोपं विकत आणायची गरज नाही. जुलैत एखादी लोळती फांदी निवडून डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) खाली इंचभर तिरका काप द्या, कापात काडेपेटीची काडी अडकवा आणि तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबून तारेच्या आकड्याने धरून ठेवा. शेंडा वर राहू द्या. दोन महिन्यांत मुळं धरतात, पण दसऱ्याआधी आईपासून तोडू नका.