तारांच्या विक्रीपासून सेटअपच्या टेबलापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या दुकानाची सुरुवात गिटारीच्या तारा, पिक (तार छेडायची चकती), कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणि कव्हरांच्या विक्रीने झाली. दुरुस्ती म्हणजे तुटलेली तार बदलून देणं, एवढंच. पण नव्या तारा लावून नेलेल्या गिटारी उन्हाळ्यात परत यायच्या. फेब्रुवारीत स्वच्छ वाजणारी तार एप्रिलमध्ये फ्रेटवर (गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) झणझणायची, नेकच्या म्हणजे मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचायची. दोष तारेत नव्हता, सोलापूरच्या हवेत होता. हे लक्षात आल्यावर धंद्याची दिशाच बदलली.

गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली जाते. फिंगरबोर्डचं (फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड आडवं आक्रसतं, धातूची फ्रेट मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून तिची टोकं बाहेर येतात. बॉडीची वरची फळी सपाट होते, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी) खाली बसतो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. पावसाळ्यात उलट: फळी फुगते, तारा उचलल्या जातात. म्हणून होळीनंतर एकदा आणि मृगाचा पाऊस पडून महिनाभर झाल्यावर एकदा गिटार तपासून घ्या, असं आम्ही सांगतो.

कूलरचा विषय वेगळाच. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केल्यावर तासाभरात पुन्हा कोरडी. हा रोजचा चढउतार सरळ कोरडेपणाइतकाच वाईट. गिटार भिंतीला टांगू नका, केसमध्ये ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये, लाकडाला पाणी लागणार नाही अशी ठेवा. शेजारी आर्द्रतामापक हवाच. स्वस्त मापक चुकीचा आकडा दाखवतात, त्यामुळे तपासून घ्यावेत. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करायचं, मापकासोबत हवाबंद पिशवीत ठेवायचं. २४ तासांनी ७५ टक्के दिसायला हवेत. जितका फरक, तितका पुढे कायम धरायचा. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवू नका. डिंक मऊ पडून ब्रिज उचलला जातो.

सेटअपचा, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवण्याच्या कामाचा, क्रम आम्ही कधी मोडत नाही: आधी नेक, मग नट (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी), मग सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी). पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून, नेक बॉडीला मिळते तिथली फ्रेट दाबायची आणि सातव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखालची फट मोजायची. मोटरसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तेच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) इथे चालतं. फट ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर तारा थोड्या सैल करून ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक जुळवणारी लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने एकअष्टमांश फेरा, पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा माप. रॉडची किल्ली अडली तर जोर लावायचा नाही. रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च साध्या गिटारीच्या किमतीपलीकडे जातो.

नटकडे फार कमी लोक बघतात, आणि आमचा सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकतो. एफ कॉर्ड (सुरांची एक अवघड पकड) लागत नाही म्हणून मुलं गिटार सोडून देतात. बऱ्याचदा उणीव बोटांत नसते, नटच्या खाचा उंच असतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. कागदाएवढी फट पुरे. जास्त असेल तर तारेच्या जाडीच्या कानशीने खाच उतरवायची, दोन घासे मारले की पुन्हा बघायचं. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट नवा बसवावा लागतो. ट्यूनिंग करताना ‘टिक’ आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. तिथे टूबी पेन्सिल घासा.

सॅडल शेवटी. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.४ ते २.८ मिलिमीटर, पहिली १.८ ते २ मिलिमीटर. तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलच्या तळातून एक मिलिमीटर घासावा लागतो. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासला तर तळ सपाट राहतो.

एका कामाला आम्ही ठाम नकार देतो: नायलॉनच्या गिटारीवर लोखंडी तारा. १२-५३ च्या संचाचा (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो, नायलॉनचा साधारण चाळीस. ब्रिज आज ना उद्या उखडतोच. ताण कमी हवा असेल तर लोखंडी तारांच्या साध्या गिटारीवर १०-४७ किंवा ११-५२ लावून देतो.

गणेशोत्सवाच्या मंडपांमुळे इलेक्ट्रिक गिटारीचं काम आलं. जनरेटरवर बहुतेकदा अर्थिंग नसतं. ॲम्प (गिटारीचा आवाज वाढवणारं यंत्र) एका बोर्डावर, मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) दुसऱ्यावर. गिटारच्या तारा जॅकमधून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, म्हणून हात तारेवर आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. चार-पाच व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवायला उभं राहू नका. ॲम्प आणि मिक्सर दोन्ही नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्या. प्लगची तिसरी पिन काढून खरखर थांबवणारा माणूस जिवाशी खेळतो. पेडलसाठी (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीसाठी) ९ व्होल्टचा, मधली पिन मायनस असलेला ॲडॅप्टर लागतो; राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा आणि मधे प्लस असतो. तो लावून जळालेली पेडल आमच्याकडे नेहमी येतात.

आता नवी गिटारही सेटअप केल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. सोबत एक चिठ्ठी असते: नेकची फट, बाराव्या फ्रेटवरची दोन मापं, तारांचा नंबर, त्या दिवशीची आर्द्रता. पुढच्या वेळी येताना ती चिठ्ठी घेऊन या.